पोलीस भरती व प्रशिक्षण (सटाणा, बागलाण तालुका)

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडील बागलाण तालुक्यातून पोलीस सेवेत जाण्याचे मार्ग, त्यासाठीच्या चाचण्या, प्रशिक्षण आणि सेवेतील पुढची वाटचाल यांची ही नोंद. तालुक्याचे मुख्य ठिकाण सटाणा हे आरम नदीच्या काठी, विंचूर-प्रकाशा रस्त्यावर, नाशिकपासून सुमारे ९० किमी. अंतरावर आहे. तालुक्यात सटाणा व जायखेडा ही पोलीस ठाणी असून ती नाशिक ग्रामीण पोलीस दलाच्या अखत्यारीत येतात. या दलाचे मुख्यालय नाशिकलगत आडगाव येथे आहे. नाशिक शहरासाठी वेगळे पोलीस आयुक्तालय आहे. भरतीच्या दृष्टीने हे दोन स्वतंत्र ‘घटक’ असून त्यांच्या जागा आणि गुणवत्ता याद्या वेगळ्या लागतात.

पूर्वेतिहास : बागलाणच्या डोंगरपट्ट्यात गावाच्या रखवालीचे काम पिढ्यान्‌पिढ्या पाटील आणि जागल्या यांच्याकडे होते. पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख इंग्रजांच्या खानदेश जिल्ह्यात गेला. १८२५ मध्ये शेवराम नावाच्या सोनाराने साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाची बनावट पत्रे दाखवून येथील भिल्लांना उठवले. अंतापूर लुटले गेले आणि बंडवाले मुल्हेर किल्ल्याच्या आश्रयाला गेले. लेफ्टनंट जेम्स औट्रम याने अगदी थोड्या शिपायांनिशी हे बंड मोडले. त्याच वर्षी त्याच्याकडे खानदेश भिल्ल पलटण उभारण्याचे काम आले. पलटणीचे ठाणे धरणगावी होते. डोंगरातल्या माणसालाच कवायत शिकवून, नियमित पगार देऊन बंदोबस्ताला लावायचे, ही तिच्यामागची कल्पना. आपल्याच लोकांविरुद्ध आपलीच माणसे उभी करण्याचा परकी सत्तेचा डाव त्यात होता, हे विसरता येत नाही. तरीही या भागातील तरुणांना पोलिसी कामाचे पद्धतशीर शिक्षण देण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न ठरतो. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला आणि बागलाण खानदेशातून त्यात आले. पुढे अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस आयोगाने (१९०२-०३) अधिकारी आणि शिपाई या दोघांच्याही प्रशिक्षणावर भर दिला. त्यानंतर मुंबई इलाख्याची पोलीस प्रशिक्षण शाळा नाशिकला आली. त्र्यंबक रस्त्यावरील आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ही तिचीच वाढलेली संस्था. राज्यातील फौजदार जिथे घडतात ती जागा सटाण्याहून दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे.

शिपाई भरती : तालुक्यातील बहुसंख्य उमेदवार याच वाटेने जातात. कांद्याचा भाव एका हंगामात पडतो, तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा उपटाव्या लागल्या, द्राक्षाला अवकाळीचा धाक. अशा घरांना २१,७०० रुपये मूळ वेतनाने सुरू होणारी सरकारी नोकरी म्हणजे दर महिन्याला हमखास येणारे उत्पन्न वाटते आणि ते खरेही आहे. म्हणून पहाटे सटाण्याच्या आसपासच्या रस्त्यांवर आणि मैदानांवर पोरे धावताना दिसतात. अलीकडे त्यांत मुलींचे गटही असतात.

पात्रता बारावी उत्तीर्ण. वय १८ ते २८, मागास प्रवर्गांसाठी ३३ पर्यंत. पुरुषांना उंची १६५ सेंमी. लागते. छाती न फुगवता ७९ सेंमी. आणि फुगवल्यावर किमान ५ सेंमी. जास्त भरावी लागते. महिलांसाठी उंचीची अट १५५ सेंमी. आहे. महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण असून माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, गृहरक्षक, पोलीस पाल्य यांच्याही राखीव जागा असतात. हरणबारी आणि केळझर ही धरणे याच तालुक्यात झाल्याने प्रकल्पग्रस्ताचा दाखला येथील काही घरांच्या कपाटात असतो. तो वेळेवर नावावर करून घेतला नाही, तर ऐन वेळी उपयोगी पडत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नियम करण्यास सांगितल्यापासून तृतीयपंथी उमेदवारांनाही अर्जाची वाट मोकळी झाली.

मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर धाव (२० गुण), १०० मीटर धाव (१५) आणि ७.२६० किलोचा गोळा (१५). महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा, बाकी गुणांची विभागणी तीच. १६०० मीटरला पैकीच्या पैकी गुण हवे असतील, तर ५ मिनिटे १० सेकंदांत धाव संपवावी लागते. शंभर मीटरला साडेअकरा सेकंद आणि गोळ्याला साडेआठ मीटर हे पूर्ण गुणांचे माप. मैदानात किमान निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेमागे दहा या प्रमाणात उमेदवार लेखी परीक्षेला बोलावले जातात. लेखी परीक्षा १०० गुणांची आणि ९० मिनिटांची. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी आणि मराठी व्याकरण हे विषय. मधल्या काळात लेखी आधी आणि मैदान नंतर असा क्रम करण्यात आला होता. २०२२ पासून पुन्हा मैदान आधी आले.

येथे उमेदवारांचा एक गैरसमज नोंदवणे आवश्यक आहे. मैदानाच्या ५० गुणांपायी वर्ष-दोन वर्षे घालवून लेखी परीक्षेला शेवटचे दोन महिने देणारे अनेक जण असतात. प्रत्यक्षात दोन-तृतीयांश गुण लेखीचे आहेत. मैदानात चाळिशीच्या पुढे गुण मिळवलेला मुलगा मराठी व्याकरणातल्या समास-प्रयोगांवर अडतो आणि एक-दोन गुणांनी यादीबाहेर राहतो. स्पर्धा किती दाट आहे याची कल्पना २०२४ च्या भरतीवरून येईल. राज्यभरात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांहून अधिक आले, म्हणजे जागेमागे सुमारे शंभर.

घटकाची निवड हा या भरतीतला सर्वांत अवघड निर्णय. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. नाशिक ग्रामीणला जागा थोड्या निघतात आणि ओळखीचे मैदान म्हणून गर्दी जास्त होते. मुंबईला जागा भरपूर, त्यामुळे तिथे गुणांची सीमारेषा खाली येण्याची आशा असते. पण शिपायाची सेवा त्या घटकाशी बांधलेली राहते. मुंबईत भरती झालेल्याला गावाकडे यायचे, तर आंतरजिल्हा बदलीच्या यादीत वर्षानुवर्षे थांबावे लागते. आई-वडील सटाण्याच्या शेतात आणि मुलगा मुंबईच्या बॅरेकीत, ही स्थिती कित्येक घरांत आहे. अर्ज भरताना सीमारेषेचा अंदाज बांधला जातो, पुढच्या तीस वर्षांचा विचार क्वचितच होतो.

राज्य राखीव पोलीस दल, चालक, बँडपथक आणि कारागृह शिपाई यांच्या जाहिराती बहुधा बरोबरच निघतात. राखीव दलाला उंची १६८ सेंमी., वयोमर्यादा कमी आणि धाव ५ किमी.ची. चालकासाठी हलके वाहन चालवण्याचा परवाना आणि वाहन चालवण्याची कौशल्य चाचणी. आदिवासी उमेदवारांची संख्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात मोठी आहे. त्यांच्यासाठी कळवण येथे आदिवासी उमेदवारांचे मार्गदर्शन केंद्र असून तेथे स्पर्धा परीक्षापूर्व प्रशिक्षण दिले जाते. जातवैधता, नॉन क्रीमीलेअर, अधिवास यांपैकी एखादा कागद अपुरा राहिल्याने झालेली निवड अडकू शकते. म्हणून जाणते शिक्षक मुलाला धावायला सांगण्याआधी दाखल्यांची फाइल तयार करायला सांगतात.

तालुक्याच्या गावांत खासगी भरती अकादम्या आहेत. मैदान, गोळा, सराव परीक्षा आणि काही ठिकाणी राहण्याची सोय त्या पुरवतात. चांगल्या अकादमीत शिस्त लागते हे खरे. निवडीची हमी मात्र कोणीही देऊ शकत नाही. धावेची वेळ आता आरएफआयडी चिपने मोजली जाते आणि मैदानावर कॅमेरे असतात. पैसे घेऊन ‘काम करून देतो’ म्हणणारा माणूस लबाड समजावा आणि त्याची तक्रार करावी.

मूलभूत प्रशिक्षण : निवड झालेल्या शिपायाला वैद्यकीय तपासणी व चारित्र्य पडताळणीनंतर राज्यातील एखाद्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात पाठवले जाते. खंडाळा, नानवीज (दौंड), जालना, अकोला, लातूर, तुरची (तासगाव), मरोळ, धुळे, सोलापूर, नागपूर ही त्यांतील काही. बागलाणहून सर्वांत जवळचे धुळे, पण जवळचेच मिळेल असे नाही. मुदत तुकडीनुसार सहा ते नऊ महिने.

दिवस पहाटे शारीरिक कसरतीने सुरू होतो. कवायत शिकवणाऱ्याला ‘उस्ताद’ म्हणतात आणि हुकूम हिंदीतून सुटतात. शस्त्रांची उघडजोड, चांदमारी, लाठी व अश्रुधुराचा वापर, अडथळ्यांची शर्यत, योग आणि प्रथमोपचार हे मैदानावरचे विषय. वर्गात कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्यानंतर अभ्यासक्रमातील जुनी कलमे बदलली. घटनास्थळाच्या दृश्यमुद्रणाला नव्या कायद्यात स्थान मिळाल्याने मोबाइल हाताळण्याचे शिक्षणही तपासाचा भाग झाले आहे. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९, बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ आणि गुन्ह्यांच्या नोंदींची सीसीटीएनएस संगणक प्रणाली. रात्रीची गिनती झाली की दिवस संपतो. शेवटी दीक्षांत संचलन. गावाकडून जीप भाड्याने करून आलेली घरची मंडळी त्या दिवशी मुलाला प्रथमच संपूर्ण गणवेशात पाहतात.

सहा-नऊ महिने ही मुदत कवायत पक्की होण्यास पुरेशी आहे. कायदा, माणूस आणि कागद या तिन्हींचे शिक्षण तेवढ्यात पुरे होत नाही. घाबरलेल्या बाईचा जबाब तिच्याच शब्दांत कसा लिहावा, अहिराणीत सांगितलेली हकीकत मराठी फिर्यादीत उतरवताना अर्थ कसा सांभाळावा, हे वर्गात ओझरतेच येते. शिपायाचे खरे शिक्षण ठाण्यात होते आणि ते कोणत्या हवालदाराच्या हाताखाली होते यावर बरेच अवलंबून असते.

नवा शिपाई आधी मुख्यालयात पहारा, कैदी पार्टी आणि बंदोबस्त करतो. नंतर ठाण्यावर बदली. तिथे ठाणे अंमलदाराचा मदतनीस, समन्स-वॉरंटची बजावणी, बीट, मुद्देमाल, गोपनीय शाखा, न्यायालयातील पैरवी अशी कामे वाट्याला येतात. बागलाणात त्याला सटाण्याची देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा, मांगीतुंगीचे उत्सव, कांद्याच्या भावासाठी होणारे रास्ता रोको यांचा बंदोबस्त करावा लागतो. शेजारच्या सप्तशृंग गडाच्या चैत्रोत्सवालाही कुमक जाते. सिंहस्थासाठी सबंध जिल्ह्यातील मनुष्यबळावर मोठा ताण येतो.

बढती : शिपाई, हवालदार, सहायक फौजदार आणि उपनिरीक्षक म्हणजे फौजदार ही चढण. पूर्वी मधे नाईक ही पायरी होती. २०२२ मध्ये ती काढून टाकल्याने शिपाई थेट हवालदार होतो. हवालदाराकडे किरकोळ गुन्ह्यांचा तपास येतो, म्हणून ही बढती केवळ पगाराची नाही. फौजदाराच्या जागा दीर्घकाळ ५० टक्के थेट भरतीने, २५ टक्के खात्यांतर्गत मर्यादित परीक्षेने आणि २५ टक्के ज्येष्ठतेने भरल्या जात. मर्यादित परीक्षेच्या वाट्याबाबत शासनाचे धोरण वेळोवेळी बदलत गेले आहे. ही परीक्षा बारावीनंतर नोकरीला लागलेल्या हुशार शिपायाला तरुणपणी अधिकारी होण्याची संधी देते. ती नियमितपणे व्हायला हवी. ज्येष्ठतेची वाट पाहणाऱ्याच्या खांद्यावर फौजदाराचे तारे निवृत्ती दिसू लागल्यावर येतात.

थेट अधिकारी : पदवीधरांसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची संयुक्त परीक्षा आहे. पूर्व, मुख्य, शारीरिक चाचणी आणि मुलाखत पार केलेल्यास उपनिरीक्षक म्हणून नाशिकच्या अकादमीत साधारण वर्षभराचे प्रशिक्षण मिळते. त्यानंतर परिवीक्षाकाळात तो ठाण्यावर शिकतो. पुढे सहायक निरीक्षक आणि निरीक्षक. राज्यसेवा परीक्षेतून थेट उपअधीक्षक होता येते. उपविभागीय पोलीस अधिकारी याच दर्जाचा असतो. भारतीय पोलीस सेवेची निवड केंद्रीय लोकसेवा आयोग करतो. तिचे प्रशिक्षण मसुरीच्या पायाभूत वर्गानंतर हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत होते. सटाण्यात मराठा विद्या प्रसारक समाजाचे कर्मवीर आबासाहेब तथा ना. म. सोनवणे महाविद्यालय असल्याने पदवीसाठी तालुका सोडावा लागत नाही. अधिकारीपदाच्या परीक्षांची तयारी मात्र अनेक जण नाशिक वा पुण्याला राहून करतात आणि तो खर्च शेतकरी घराला जड जातो.

निवड न झालेले उमेदवार वनरक्षक, राज्य उत्पादन शुल्क, केंद्रीय सशस्त्र दले किंवा महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ यांकडे वळतात. मैदानाची मेहनत तिथेही उपयोगी पडते. गृहरक्षक दलातील नोंदणी मानधनाची असली, तरी तीन वर्षांच्या सेवेनंतर शिपाई भरतीत राखीव जागेचा लाभ देते.

पोलीस पाटील : गाव न सोडता कायदा-सुव्यवस्थेचे काम करण्याचा हा एक मार्ग. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७ अन्वये ही नेमणूक होते. वतनदारी संपल्यानंतर पद वंशपरंपरागत राहिले नाही. उमेदवार त्याच गावचा रहिवासी, दहावी उत्तीर्ण आणि २५ ते ४५ वयाचा असावा लागतो. लेखी व तोंडी परीक्षेनंतर प्रांताधिकारी नेमणूक करतात. बागलाणचे प्रांत कार्यालय सटाण्यातच आहे. मानधन २०२४ मध्ये दरमहा ६,५०० वरून १५,००० रुपये झाले. पाटलाला कवायत नसते, गणवेश वा शस्त्रही नसते. साल्हेर-मुल्हेरकडच्या दुर्गम पाड्यांवर ठाण्याचे वाहन पोचायला वेळ लागतो. अनैसर्गिक मृत्यू, हाणामारी वा बेपत्ता माणूस यांची पहिली खबर ठाण्याला त्याच्याकडूनच मिळते आणि पोलीस येईपर्यंत घटनास्थळ जपण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.