निसर्गसहलीची कहाणी : एका चिमणीपासून



शाळेतून सहलीचे संमतिपत्र घरी आले की काय बोलणे होते, ते जरा आठवून पाहा. "एक दिवस अभ्यास बुडेल." "रानात बघायचे आहे तरी काय?" आणि मुलगी असेल तर, "तिला कशाला पाठवायचे?" ही वाक्ये आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. त्यामागे काळजी असते, हे मान्यच. परंतु ज्या सहलीला आपण अभ्यासातला खंड समजतो, तिची हकिगत मुळापासून पाहिली तर तीही अभ्यासाचीच हकिगत आहे असे आढळेल. त्या हकिगतीचे एक महत्त्वाचे पान तर मुंबईत, आपल्याच समाजातील एका घरात लिहिले गेले.

ते साल होते १९०८. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला एक मुलगा खेतवाडीत आपले मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढत होता. न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजींमुळे ज्या घराण्याचे नाव मुस्लिम शिक्षणकार्याशी कायमचे जोडले गेले, तेच हे घराणे. मुलाला छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपण्याचा नाद होता. एके दिवशी टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही खावी की खाऊ नये, अशी शंका त्याला आली आणि तो मामांकडे गेला.

मामा स्वतः शिकारी होते, पण हा पक्षी कोणता हे त्यांनाही सांगता येईना. येथे आपण थोडे थांबावे. "जा, खेळ जा, भलते प्रश्न विचारू नकोस," असे म्हणून मामा मोकळे होऊ शकले असते. त्यांनी तसे केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. तेथील मानद सचिव मिलार्डसाहेब यांच्या नावे त्यांनी चिठ्ठी दिली आणि भाच्याला तिकडे पाठविले.

ही सोसायटी १८८३ साली मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. तिच्या कार्यालयात तो मुलगा बिचकतच शिरला. मिलार्ड यांनी पक्षी पाहिला, ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे असे सांगितले आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी भरलेले खणामागून खण त्याच्यापुढे उघडले. वाचायला पुस्तकेही दिली. तो मुलगा म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली. १९८५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याच्या नावातही ती चिमणी आली.

हे सालिम अली वर्गात पहिले येणारे विद्यार्थी नव्हते. गणिताने त्यांना जेरीस आणले. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या धंद्यावर गेले. पुढे विद्यापीठाची रीतसर पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील जागाही त्यांना मिळाली नाही. म्हणून पदवी निरुपयोगी, असा अर्थ कोणी काढू नये. पदवी नसल्याची किंमत त्यांना मोजावी लागली. सांगायचे एवढेच की, गुणपत्रिकेत न दिसणारी बुद्धीही मुलात असू शकते आणि ती कोठेतरी उघड्यावर आणून पाहावी लागते.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, निसर्गविभागात ते मार्गदर्शक व्याख्याते झाले. काचेमागचे प्राणी लोकांना समजावून सांगणे हे त्यांचे काम. नंतर ते जर्मनीत शिकून आले, तो पैशाच्या अडचणीमुळे ती जागाच रद्द झालेली! नोकरी नाही, अशा स्थितीत १९३० साली ते अलिबागजवळ किहीमला राहावयास गेले. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात ते तासन्‌ तास त्या घरट्यांपुढे बसत आणि काय दिसते ते टिपून ठेवीत.

वाचकहो, सुगरणीचा खोपा बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचला आहे. 'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून खोपा मादीच विणते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात विणकर असतो नर! गवताच्या व पात्यांच्या बारीक पट्ट्या आणून तो अर्धा खोपा विणतो. माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला तो पसंत पडला तर खोपा पुरा होतो आणि ती आत अंडी घालते. नर मात्र तेथेच थांबत नाही. तो दुसरा खोपा विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा क्रम सालिम अलींनी किहीमला बसून उलगडला आणि १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. दोन डोळे, एक वही आणि भरपूर धीर एवढ्यावर भागले.

निसर्गसहलीचे सारे मर्म या किहीमच्या पावसाळ्यात आहे. म्युझियममध्ये पक्ष्याचे नाव कळते, पण पक्षी काय करतो हे बाहेरच पाहावे लागते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात याच सोसायटीने शाळकरी मुलांसाठी निसर्गशिक्षणाचे उपक्रम हाती घेतले. १९६७ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने सर्वसामान्य वाचकांसाठी परिचित पक्ष्यांवरील पुस्तक काढले. त्याचे लेखक होते सालिम अली आणि त्यांची भाची लईक फतेहअली. पुढे २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना शाळांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करावा असे सांगितले. विषय वेळापत्रकात आला. परंतु खेदाने म्हणावे लागते की, पुष्कळ ठिकाणी तो पुस्तकातच राहिला. खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहणारी मुले तिवराच्या झाडाची माहिती पाठ करतात. चिखलातून वर आलेली त्याची मुळे मात्र त्यांनी पाहिलेली नसतात.

आता मुलींविषयी. सालिम अलींच्या पत्नी तहमीना यांनी पतीबरोबर पक्ष्यांच्या पाहणीसाठी दूरदूरचा प्रवास केला आणि रानातल्या तळाची व्यवस्था सांभाळली. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. लईक फतेहअलींचे नाव वर आलेच आहे. ज्या समाजातील स्त्रिया कित्येक दशकांपूर्वी तंबूत राहून हे काम करीत होत्या, त्या समाजातील मुलीला शिक्षिकांच्या देखरेखीखाली एक दिवस कर्नाळ्याला जाऊ न देणे कितपत योग्य, याचा विचार आपणच करावा. बरोबर कोण जाणार, परत केव्हा येणार, पाण्याची व औषधाची सोय काय, हे सारे शाळेला अवश्य विचारा. तो पालकांचा हक्क आहे. पण उत्तरे समाधानकारक मिळाली तर सही करताना मुलगा आणि मुलगी असा भेद ठेवू नका.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठीही दोन शब्द. सालिम अलींच्या लहानपणीची ती छऱ्याची बंदूक आता इतिहासजमा झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांना अभय दिले आहे. तेव्हा बरोबर न्यावी ती वही. मिळाली तर दुर्बीण, नाही तर नुसते डोळे पुरेत. एकच झाड किंवा एकच घरटे निवडा, अर्धा तास गप्प बसा आणि जे दिसेल तेवढेच लिहा. घरी येताना निदान एक न सुटलेला प्रश्न घेऊन या.

आणि पालकहो, तो प्रश्न तुमच्यापुढे आला आणि उत्तर ठाऊक नसले तर त्यात कमीपणा मानू नका. अमिरुद्दीन मामांनाही ते ठाऊक नव्हते. त्यांनी मुलाचे ऐकून घेतले आणि ज्याला ठाऊक होते त्याच्याकडे त्याला धाडले. पुढच्या वेळी संमतिपत्र घरी येईल, तेव्हा त्यांनी लिहिलेली ती चिठ्ठी आठवा. आपली सहीही तशीच एक चिठ्ठी आहे.