आपल्या आडनावांजवळचा कुलाबा

आपल्यातील पुष्कळांच्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या कागदांवर 'जिल्हा कुलाबा' असे लिहिलेले सापडते. इथे जन्मलेली नातवंडे ते वाचून मुंबईतला कुलाबा समजतात. तो हा नव्हे. हा कुलाबा म्हणजे अलिबागसमोर समुद्रात उभा असलेला किल्ला. जिल्ह्याला त्याचेच नाव होते. १९८१ साली ते बदलून रायगड झाले.

शिवाजी महाराजांनी आयुष्याच्या अखेरीस हा किल्ला बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांनी तो पुरा केला. तटाचे मोठाले दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. सुकतीला किनाऱ्यावरून चालत जाता येते; भरती आली की चारी बाजूंनी पाणी. शत्रूला तोफांच्या आधी या पाण्याचा हिशेब करावा लागे.

कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन त्यावर चालून आले. समुद्रात कमोडोर मॅथ्यूजची जहाजे आणि जमिनीवर चौलला जमवलेली फौज. हल्ला फसला. बाजीराव पेशवे मदतीला आल्यावर पोर्तुगिजांनी परस्पर तह केला आणि इंग्रज हात हलवीत मुंबईला परतले.

चौलहून अलिबागला यायची वाट नागाव, आक्षीवरून. पलीकडे उत्तरेला थळ, नवगाव, किहीम, आवास. चेऊलकर, नागावकर, थळकर, किहीमकर, आवासकर ही आपलीच माणसे ना? बखरींत सेनापतींची नावे राहिली, शनवार तेल्यांची नाहीत. ती आपल्या आडनावांनी सांभाळली.

आज किल्ल्याच्या उत्तरेला चाकांच्या गाड्यावर दोन लोखंडी तोफा दिसतात. लोक त्यांना कान्होजींच्या समजून फोटो काढतात, पण त्या विलायतेतल्या कारखान्यात ओतलेल्या आहेत. आत राघोजी आंग्रे यांनी बांधलेले गणपतीचे देऊळ आहे आणि, भोवती खारे पाणी असूनही, गोड्या पाण्याची विहीर.

अलिबागला इस्राएल आळीतले मागेन आबोथ सिनेगॉग पाहायला आपण जातोच. त्याच दिवशी किल्लाही पाहावा. मात्र सुकतीची वेळ किनाऱ्यावरच्या कोळ्यांना आधी विचारून घ्यावी, नाहीतर परतताना होडी करावी लागते.