लोकांचा पैसा आणि वैद्यकाची परीक्षा

एखाद्या उपचारानंतर आपणांस बरें वाटलें म्हणजे तें त्या उपचारानेंच वाटलें, असें मानण्याकडे मनुष्यमात्राचा कल असतो. घरच्या व्यवहारांत या समजुतीनें फारसें बिघडत नाहीं. परंतु तीच समजूत जेव्हां राष्ट्राच्या तिजोरीचें कुलूप उघडूं लागते, तेव्हां तिचा इतिहास तपासून पाहणें अगत्याचें होतें. या दृष्टीनें अमेरिकेंतील वृत्तांत मोठा बोधप्रद आहे.

1971 च्या जुलै महिन्यांत 'न्यूयॉर्क टाइम्स'चे प्रसिद्ध पत्रकार जेम्स रेस्टन हे पेकिंग येथें असतां त्यांच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रिया पाश्चात्त्य पद्धतीची, आणि बधिरतेचें औषधही पाश्चात्त्यच होतें. मागाहून पोटांत अस्वस्थता वाटूं लागली, तेव्हां मात्र चिनी वैद्यानें सुया टोचल्या व त्यांस आराम पडला. हा अनुभव 26 जुलै रोजीं छापून आला. पण लोकांच्या तोंडीं गोष्टीचें रूप पालटलें, आणि सुयांनीं बधिर करूनच त्यांचें पोट चिरलें, अशी आख्यायिका रूढ झाली. अमेरिकेंत अॅक्युपंक्चरचा बोलबाला झाला तो तेव्हांपासून.

पुढें 1991 सालीं आरोग्यखर्चाच्या समितीचे सूत्रधार सिनेटर टॉम हार्किन यांच्या पुढाकारानें कायदेमंडळानें अशा उपचारांच्या संशोधनासाठीं 20 लक्ष डॉलर मंजूर केले, व राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत एक स्वतंत्र कचेरी निघाली. परागकणांच्या सेवनानें आपला जुना विकार गेला, अशी हार्किन यांची स्वतःची श्रद्धा होती. कचेरीचे पहिले संचालक जोसेफ जेकब्ज यांनीं 1994 सालीं राजकीय दडपणाची तक्रार करून पद सोडलें. 1998 सालीं कचेरीचें केंद्र झालें, आणि 2009 पर्यंत वार्षिक खर्च सुमारें 12 कोटि डॉलरांवर गेला.

या पैशाचें फलित काय? गुडघेदुखीच्या 570 रोग्यांवर अॅक्युपंक्चरचा प्रयोग झाला, त्याचा 2004 चा निकाल कांहींसा अनुकूल होता. उलट 2006 सालीं 1583 रोग्यांच्या गुडघ्यांवर ग्लुकोसामिन व कॉन्ड्रॉइटिन यांचा समुच्चयानें प्रभाव दिसला नाहीं. आणि 2008 सालीं 3069 वृद्धांच्या पाहणींत गिंको या वनस्पतीनें स्मृतिभ्रंश टळत नाहीं असें ठरलें. हें सर्व आमच्या मतें पैशाचें चीजच होय, कारण लाखों लोक पदरमोड करून जें विकत घेत होते त्याचें खरें मोल त्यांस कळलें. परंतु 2009 सालीं हार्किन यांनीं भर सभेंत खेद केला, कीं उपचार शोधून ते सिद्ध करण्याऐवजीं हें केंद्र ते खोटे ठरविण्यांतच अधिक गुंतलें आहे! या एका उद्गारांत साऱ्या प्रकरणाचें मर्म आहे.

निकाल नेहमींच इतका सरळ असतो, असेंही नव्हे. जर्मनींत सार्वजनिक विमानिधींच्या पैशानें कंबरदुखीच्या 1162 रोग्यांची परीक्षा झाली. शास्त्रोक्त सुया टोचलेल्यांपैकीं शेंकडा 48, भलत्याच जागीं वरवर सुया टोचलेल्यांपैकीं 44, आणि नेहमींचे उपचार घेतलेल्यांपैकीं अवघे 27 लोक सुधारले. म्हणजे सुयांनीं गुण आला, पण सुईची जागा ठरविणारें शास्त्र निरुपयोगी ठरलें! जुनाट कंबरदुखी व गुडघेदुखी यांवरील सुयांचा खर्च विम्यानें सोसावा, असें तेथील अधिकारी मंडळानें 2006 सालीं ठरविलें. डोकेदुखीसाठीं मात्र नाकारलें. रोग्याचें हित पाहतां हा निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु रोग्यास आराम पडणें निराळें आणि त्या विद्येचा सिद्धांत खरा ठरणें निराळें, हें विसरतां कामा नये.

आम्हीं आयुष्य परीक्षा घेण्यांत घालविलें आहे. ज्या परीक्षेंत कोणी नापास होऊंच शकत नाहीं, ती परीक्षा नव्हे, सत्कारसमारंभ होय. ज्या उपचारांवर लोकांची श्रद्धा आहे त्यांची परीक्षा लोकांच्या पैशानें अवश्य व्हावी. मात्र निकाल आपल्या श्रद्धेविरुद्ध लागला तरी तो मान्य करण्याचें धैर्य पैसे देणारांनीं आधींच बांधलेलें असावें.