ससून गोदी : कुलाब्याच्या धक्क्यावरचा पहाटबाजार

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, सूर्योदयापूर्वी एक बाजार भरतो आणि शहर कामाला लागेपर्यंत त्याची मुख्य उलाढाल संपलेलीही असते. ससून गोदी, म्हणजेच ससून डॉक, हे त्याचे ठिकाण. शेतकऱ्याने आपला माल स्वतः बाजारात आणावा, तशी येथे मासळी बोटीतून थेट धक्क्यावर उतरते आणि तेथेच विकली जाते.

ही गोदी मुळात मासळीसाठी बांधलेली नाही. बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेल्या डेव्हिड ससून यांचे पुत्र अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांच्या पुढाकाराने, समुद्रात भर घालून ती १८७५ मध्ये उभारण्यात आली. तोपर्यंत मोठी जहाजे बंदरात नांगर टाकून उभी राहत आणि माल पडावांतून किनाऱ्यावर येई. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर कापसाचा व्यापार वाढला व ही पद्धत अपुरी पडू लागली. पश्चिम भारतातील ही पहिली व्यापारी गोदी सरकारने १८७९ मध्ये विकत घेऊन पोर्ट ट्रस्टच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षी प्रिन्सेस गोदी सुरू झाली, मालवाहतूक तिकडे वळत गेली आणि कालांतराने ससून गोदी मच्छीमारांची झाली.

बोट लागताच खलाशी मासळीच्या पाट्या वर देतात. बोंबील, कोळंबी, वाकटी, माकूल, बांगडा यांचे ढीग लागतात. पापलेट व सुरमईला गिऱ्हाईक आधीच टपलेले असते. लिलावाची बोली झटपट चालते, कारण बर्फ वितळत असतो आणि भाव त्याबरोबर उतरतो. बोली लावणाऱ्यांत कोळी महिला पुढे असतात. समुद्रावर पुरुष आणि बाजारात स्त्री, ही कोळी समाजातील जुनी वाटणी. घरचा पैसाही बहुधा तिच्याच हातून फिरतो. येथे घेतलेली मासळी घेऊन त्या शहरातील मंडयांत बसतात किंवा ठरलेल्या घरी पोहोचवतात. कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे काम मात्र अधिक कष्टाचे आणि कमी नजरेत येणारे आहे. बर्फातल्या मालात तासन्‌तास हात, आणि मजुरी सोललेल्या मालाच्या मापावर.

गोदीची जमीन बंदर प्राधिकरणाची असल्याने भाडे, गोदामे आणि नूतनीकरण हे विषय येथे जिव्हाळ्याचे आहेत. त्याहून मोठी चिंता समुद्रातील आहे. लहान आसांच्या जाळ्यांत पापलेटची पिल्लेच सापडतात आणि पुढील हंगामाचा मासा आजच संपतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित केले, ते याच पार्श्वभूमीवर. पिल्लांची मासेमारी थांबवावी, अशी मागणी मच्छीमारांच्याच संस्थांनी लावून धरली होती, हे येथे नोंदवायला हवे.

२०१७ च्या अखेरीस गोदीत भरलेल्या कलाप्रदर्शनामुळे, एरवी वासाने नाक मुरडणारे अनेक मुंबईकर प्रथमच आत आले. कोळी महिलांची चित्रे त्यांनी भिंतींवर पाहिली.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा बोटी धक्क्याला बांधलेल्या असतात, जाळी विणली जातात, इंजिने दुरुस्त होतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर हंगाम खऱ्या अर्थाने सुरू झाला, असे कोळीवाडे मानतात.