नेसणे, घालणे आणि शिवणीतली माया

आपल्या मराठीत एक गंमत आहे. साडी आपण 'नेसतो', पण पोलके 'घालतो'. धोतर नेसतात, सदरा घालतात. न शिवलेल्या कापडाला एक क्रियापद आणि शिवलेल्याला दुसरे. शाळेत शिकवताना मुलींना हा फरक सांगितला की त्या हसायच्या, "बाई, त्यात काय एवढे?" त्यात बरेच काही आहे असे मला आता वाटते. नेसताना कापड अंगाच्या कलाने घेते. घालताना अंगाला कापडाच्या कलाने घ्यावे लागते.

हे सुचायचे कारण म्हणजे घरातल्या भाच्या-पुतण्यांची बोलणी. हल्ली त्या आपल्या बांध्याची नावे फळांवरून घेतात. एक म्हणते मी पेअर, दुसरी म्हणते मी ॲपल. मग पेअरने काय घालावे, ॲपलने काय टाळावे याचे तक्ते. कोणता कपडा शोभेल हा प्रश्न काही नवा नाही. आमच्या आजीच्या पिढीकडेही बांध्याला शब्द होते : शेलाटी, ठेंगणीठुसकी, थोराड, उफाड्याची, लुकडी. 'चवळीची शेंग' तर अजून ऐकू येते. त्या शब्दांतही टोमणा असायचा, नाही असे नाही. पण उपाय मात्र कापडात शोधला जाई.

तो कसा, ते पाहा. लुगडे नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर. एवढ्या लांबीत भरपूर हात खेळवता येतो. अंगाने भरलेली बाई निऱ्या कमी घेई आणि कापड फेऱ्यात जास्त जाऊ देई. बारीक बाई निऱ्या वाढवी, ओचा भरघोस ठेवी. खळ घातलेले सुती लुगडे फुगून बसते, म्हणून लुकड्या अंगाला ते भरीवपणा देई. मऊ, झुळझुळीत पोत अंगाबरोबर खाली उतरतो, म्हणून जाड अंगाला तो बरा. ठेंगणीने रुंद काठ घेऊ नये, उंची कापली जाते. उंच बाईला मोठा पन्हा हवा, नाहीतर घोटे उघडे पडतात. बाळंतपणाआधी, बाळंतपणानंतर, वय झाल्यावर, लुगडे तेच. गाठ तेवढी सैल किंवा घट्ट व्हायची. आजीचे इरकली लुगडे नातीला कुठलेही माप न घेता होई.

पण जुने ते सगळे सोने, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. लुगडे अंगाला सैल होते, समाज नव्हता. ब्राह्मण घरातल्या विधवेला तांबडे आलवण नेसावे लागे, चोळीही वर्ज्य. आणि लुगडे किती खाली न्यायचे, हेही जातीवर ठरत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना जे सांगितले, त्यात लुगड्याची गोष्ट होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रियांचे लुगडे गुडघ्याच्या आसपास राही, त्यावरून जात ओळखू येई. ते घोट्यापर्यंत, वरच्या जातींच्या बायकांसारखे नेसा, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि बायकांनी ते लगेच मनावर घेतले. कापड तेच, हात दीड हात खाली आले आणि त्याचा अर्थ बदलला. तेव्हा 'शोभून दिसणे' हा केवळ आरशापुढचा प्रश्न नाही. काय शोभते हे ठरवते कोण, हा खरा प्रश्न आहे.

आता पाचवारीकडे येऊ. तिच्या कथेतला एक महत्त्वाचा धागा आपल्या मुंबईतून जातो. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेत शिरलेले पहिले भारतीय. १८६४ मध्ये त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी त्यांच्याबरोबर मुंबईला आल्या. बंगालमधल्या घरंदाज बायका तेव्हा घराच्या आतच असत आणि एकेरी साडी नेसत. त्या नेसणीत बाहेर वावरणे अवघड होते. मुंबईत पारशी बायकांची साडी त्यांनी पाहिली. तीत आपल्या सोयीचे बदल केले, पदर डाव्या खांद्यावर घेतला, आत ब्लाउज आणि परकर आला. बंगालमध्ये ब्राह्मो घरांतून ही नेसण पसरली आणि तिला 'ब्राह्मिका' असे नाव पडले. आज देशभर जी साडी सर्वसाधारण समजली जाते, तिच्या घडणीत या नेसणीचा मोठा वाटा आहे. बाईला घराबाहेर पडायचे होते म्हणून कपडा बदलला, हे मला फार मोलाचे वाटते.

मात्र ब्लाउज आला तशी टेप आली. पूर्वीची खणाची चोळी पुढे गाठ मारायची असे, त्यामुळे तिच्यात थोडे कमी-जास्त चाले. अंगाबरोबर बेतलेल्या ब्लाउजला छाती, कंबर, खांदा, मुंढा अशी सगळी मापे लागतात. तरी टेप तुमच्या अंगाला लावली जात होती, तोवर ठीक होते. पुढे उलटे झाले. माप आधीच ठरलेले आणि अंग त्यात बसवायचे!

याचा इतिहास अमेरिकेत नीट पाहायला मिळतो. एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी बेत विकायला सुरुवात केली. पुढे तयार कपडे आले, आणि ते कुणालाच धड बसेनात. मग १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्याने सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांचा तो अहवाल १९४१ मध्ये निघाला. एवढा मोठा खटाटोप, पण हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या स्त्रिया. १९५८ मध्ये सरकारने मापांचे प्रमाण जाहीर केले, १९८३ मध्ये ते मागेही घेतले. मग २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ६,००० हून अधिक स्त्रियांच्या मापांवरून बांध्यांची वर्गवारी केली. ज्या कमनीय, घड्याळाच्या वाळूच्या भांड्यासारख्या बांध्याला शिवणारे आदर्श मानतात, तो निघाला जेमतेम ८ टक्के स्त्रियांचा. ४६ टक्के स्त्रिया सरळ, आयताकृती बांध्याच्या होत्या. म्हणजे शंभरातल्या आठ जणींसाठी बेतायचे आणि उरलेल्या ब्याण्णव जणींनी आरशापुढे उभे राहून म्हणायचे, "माझेच काहीतरी चुकते आहे"!

एक आठवण सांगते. १९८६ च्या सुमारास आमच्या शाळेत गणवेशाचे कापड देणे बंद होऊन तयार गणवेश आले. तीन मापे : लहान, मध्यम, मोठे. आठवीतल्या एका मुलीला मोठेही होईना. वाटप चाललेल्या खोलीत सगळ्यांसमोर कुणीतरी म्हणाले, "हिला तंबू शिवा." मुली हसल्या. ती हसली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. हुशार होती, इतिहासात तर वर्गात पहिली.

आमच्या शिवणाच्या बाई तिच्या घरी जाऊन तो गणवेश घेऊन आल्या. शिक्षकांच्या खोलीत बसून त्यांनी तो उलटा केला, शिवण बघितली आणि म्हणाल्या, "बोटभरसुद्धा माया ठेवली नाही हो." उसवून सोडायला आत काही नव्हतेच. मग त्यांनी दुसऱ्या गणवेशाचे कापड घेतले, काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक कळी जोडली. इतकी बेमालूम की शोधूनही सापडू नये. सोमवारी मुलगी वर्गात होती.

शिवणकामात शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. पोर वाढेल, बाई पोटुशी राहील, म्हातारपणी अंग सुटेल किंवा आटेल, हे गृहीत धरून ठेवलेले कापड. बाहेरून ते दिसत नाही. तयार कपड्यात पहिली काटछाट तिथेच होते, कारण हजारो कपड्यांत बोटबोट वाचले की ठाणेच्या ठाणे वाचतात.

भारतीय अंगांची मापे घेण्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी मुंबईसह सहा शहरांत सर्वेक्षण हाती घेतले. १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५,००० जणांची मापे, तीही स्पर्श न करता, यंत्राने. चांगले काम आहे. इतकी वर्षे परक्या अंगांवरून काढलेले आकडे आपण कॉलरमागे वागवले. पण त्यातूनही शेवटी येणार तक्ताच, आणि तक्त्यात न बसणारी एखादी मुलगी कुठल्यातरी खोलीत उभी असणारच.

म्हणून माझ्या भाच्या-पुतण्यांना एवढेच सांगणे : फळांचे तक्ते खुशाल बघा, त्यातले उभ्या-आडव्या रेघांचे शहाणपण खरेच उपयोगी आहे, आजीलाही ते ठाऊक होते. पण कपडा बसला नाही तर आधी तो उलटा करा आणि शिवण पाहा. माया ठेवली आहे का ते बघा. नसेल, तर उणीव कपड्यात आहे.