इंटरनेट आणि शालेय शिक्षण

इंटरनेट : समान नियम पाळून माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या जगभरातील संगणकजाळ्यांचे महाजाल. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या संगणकजाळ्याने टीसीपी/आयपी ही नियमावली स्वीकारली. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली.

पिंपळे गुरवमधील एखादी विद्यार्थिनी बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोडवर मोबाइल धरते, तेव्हा कोडमधून संकेतस्थळाचा पत्ता मिळतो. डीएनएस यंत्रणा त्यातील नावाचा अंकी पत्ता शोधते. सर्व्हर धड्याची चित्रफीत साधारण दीड हजार बाइटपर्यंतच्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, पाठवतो. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. पॅकेटे वेगवेगळ्या वाटांनी, मागेपुढे पोचू शकतात. टीसीपी वापरात असेल तर ती क्रमाने लावली जातात आणि गहाळ झालेले पॅकेट पुन्हा पाठवले जाते.

पाठ्यपुस्तकांत हे कोड आणण्यात रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी हा प्रयोग केला. २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक त्यांना मिळाले. १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली.

असे डिजिटल धडे देणारे, शिक्षकांसाठी ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ पुढे विद्यार्थ्यांच्याही हाती आले.

मात्र स्मार्टफोन आणि नेटवर्क घरोघरी नव्हते. त्यामुळे कोविडकाळात, जुलै २०२० पासून, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिकेतून पहिली ते आठवीचे पाठ दाखवले गेले.