वानझे सरोवर : निसर्ग, विरंगुळा आणि स्थानिक स्मृती

प्रस्तावना

बर्लिन शहराच्या नैर्ऋत्येस हाफेल नदीचे पात्र रुंदावून वानझे हे सरोवर तयार झाले आहे. त्याच्या पूर्वेस ग्रुनेवाल्डचे अरण्य व सार्वजनिक स्नानकिनारा आहे, तर पश्चिमेस जुन्या धनिकांचे बंगले आहेत. इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव प्रामुख्याने १९४२ च्या एका बैठकीमुळे परिचित आहे. बर्लिनकरांना मात्र ते उन्हाळी सुट्टीची आठवण करून देते. एकाच जलाशयाशी या दोन आठवणी कशा निगडित झाल्या आणि त्यांच्यात कोणता संघर्ष घडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निसर्ग : खाजगी की सार्वजनिक?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्हेल्म कोनराड या बँकव्यावसायिकाच्या पुढाकाराने पश्चिम किनाऱ्यावर आल्झेन ही बंगल्यांची वसाहत उभी राहिली. १८७४ मध्ये रेल्वेमार्ग आला आणि शहरातील उद्योगपती, बँकर व कलावंत उन्हाळ्यात येथे येऊ लागले. चित्रकार माक्स लीबरमान यांनी १९०९ मध्ये येथे घर बांधले व त्या घराची बाग वर्षानुवर्षे चित्रित केली. किनाऱ्याचा मोठा भाग अशा रीतीने खाजगी कुंपणाआड गेला.

वाढत्या शहरामुळे ग्रुनेवाल्डची जमीनही विकली जाऊ लागली. याविरुद्ध १९०४ मध्ये नागरिकांनी सह्यांची मोहीम काढली. अखेर २७ मार्च १९१५ रोजी बृहद्बर्लिनच्या नगरसंघाने प्रशियाच्या शासनाशी करार करून सुमारे १०,००० हेक्टर वन ५ कोटी मार्कांना विकत घेतले. हे वन कायम वन म्हणूनच राखण्याचे बंधन करारात होते. निसर्ग ही केवळ संपन्नांची मालमत्ता नसून श्रमिकांच्या आरोग्याचीही गरज आहे, ही जाणीव त्यामागे होती.

विरंगुळ्याचा हक्क

उघड्यावर स्नान करण्यास पूर्वी बंदी होती. १९०७ मध्ये पूर्व किनाऱ्याचा सुमारे २०० मीटरांचा पट्टा जनतेसाठी खुला झाला. कोंदट चाळींत राहणारी कामगार कुटुंबे रविवारी येथे लोटू लागली. १९२९-३० मध्ये मार्टिन वाग्नर व रिखार्ड एर्मिश या वास्तुविशारदांनी येथे पिवळ्या विटांच्या आधुनिक इमारती उभारल्या. सर्वांसाठी हवा, पाणी आणि ऊन हे वायमार प्रजासत्ताकाच्या नगरनियोजनाचे सूत्र होते व त्याचा हा ठळक आविष्कार ठरला.

१९३३ मध्ये हे चित्र पालटले. समाजवादी लोकशाही पक्षाचे सदस्य असलेले स्नानकिनाऱ्याचे संचालक हेर्मान क्लायुस यांनी नाझींनी सत्ता हाती घेतल्यानंतर मार्च महिन्यात आत्महत्या केली. डिसेंबर १९३८ पासून बर्लिनमधील ज्यूंना सार्वजनिक स्नानस्थळी जाण्यास मनाई झाली. ‘सर्वांसाठी’ या शब्दातून एका समाजाला वगळण्यात आले. १९४० मध्ये लीबरमान यांच्या विधवा पत्नी मार्था यांना सरोवराकाठचे घर विकणे भाग पडले. मार्च १९४३ मध्ये तेरेझिएनश्टाट येथे रवानगीची वेळ आली, तेव्हा वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांनी विषारी मात्रेत औषध घेऊन जीवन संपवले.

बंगल्यातील बैठक

लीबरमान यांच्या घरापासून जवळच १९१४-१५ मध्ये बांधलेला एक प्रशस्त बंगला होता. १९४० मध्ये तो एसएसशी संबंधित प्रतिष्ठानाने घेतला व पुढे सुरक्षा पोलिसांच्या अधिकाऱ्यांचे अतिथिगृह म्हणून त्याचा वापर झाला. २० जानेवारी १९४२ रोजी राइनहार्ड हाइड्रिख याच्या अध्यक्षतेखाली १५ अधिकारी येथे जमले. पूर्व युरोपात ज्यूंच्या सामूहिक हत्या आधीच सुरू झाल्या होत्या. त्यामुळे संहाराचा मूळ निर्णय या बैठकीत झाला, असे म्हणता येत नाही. संपूर्ण युरोपातील ज्यूंच्या संहारासाठी विविध खात्यांचा समन्वय साधणे हा तिचा हेतू होता. आडोल्फ आइखमान याने तयार केलेल्या इतिवृत्तात सुमारे १ कोटी १० लाख ज्यूंची देशवार नोंद आहे. बैठक सुमारे दीड तास चालली व त्यानंतर उपाहार झाला. इतिवृत्ताच्या ३० प्रतींपैकी १६ वी प्रत १९४७ मध्ये सापडली.

विस्मरण आणि स्मृती

१९५२ पासून या बंगल्यात नॉयकॉल्न या कामगारवस्तीच्या विभागातील शाळकरी मुलांचे सहल-निवासस्थान होते. आउश्विट्झमधून बचावलेले इतिहासकार योझेफ वुल्फ यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात तेथे नाझीवादाच्या अभ्यासासाठी दस्तऐवज केंद्र असावे, अशी मागणी केली. तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांच्यासारख्यांचा त्यांना पाठिंबा होता. परंतु मुलांची हक्काची जागा काढून घेऊ नये, हे कारण पुढे आले व मागणी फेटाळली गेली. १९७४ मध्ये वुल्फ यांनी आत्महत्या केली.

या नकाराकडे केवळ दुष्टबुद्धी म्हणून पाहणे अपुरे ठरेल. १९६१ च्या भिंतीनंतर पश्चिम बर्लिन चहूबाजूंनी वेढले गेले होते. शहराच्या हद्दीतील सरोवरे व वने हाच तेथील जनतेचा मोकळा श्वास होता. गरीब वस्तीतील मुलांना पाण्याकाठी चार दिवस मिळावेत, ही मागणी १९०७ च्या लोकाभिमुख परंपरेतीलच होती. तथापि, मुलांसाठी अन्यत्र सोय करणे शक्य होते. इतिवृत्तातील बैठक जेथे झाली, ती वास्तू मात्र एकच होती. म्हणूनच मुलांच्या आनंदाचा आधार घेऊन स्मृती नाकारली गेली, असे म्हणावे लागते.

निवासस्थान १९८८ मध्ये हलवले गेले. २० जानेवारी १९९२ रोजी, बैठकीला ५० वर्षे पूर्ण होत असताना, तेथे स्मारक व शैक्षणिक केंद्र सुरू झाले. त्याच्या ग्रंथालयास वुल्फ यांचे नाव देण्यात आले. लीबरमान यांचे घरही अनेक वर्षे पाण्याखालील जलक्रीडा करणाऱ्या मंडळाकडे होते. नागरिकांच्या प्रयत्नांनंतर २००६ मध्ये ते संग्रहालय म्हणून खुले झाले व बाग जुन्या स्वरूपात पुन्हा लावण्यात आली.

समारोप

वानझेच्या इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, विरंगुळ्याचा इतिहास हा प्रवेशाचाही इतिहास असतो. पाण्याकाठी कोणाला बसू दिले आणि कोणाला हाकलले, यावरून समाजाची नीती कळते. दुसरी, निसर्गरम्य स्थळ स्वतःहून काहीही स्मरत नाही. घटनेनंतर स्मारक उभे राहण्यास ५० वर्षे लागली, आणि ती मागणी प्रथम करणारा माणूस ते पाहण्यास उरला नाही. स्मारकाच्या बागेतून समोरच्या तीरावरील स्नानकिनारा दिसतो. पोहणाऱ्यांचा आनंद आणि मृतांचे स्मरण यांपैकी एकाची निवड करण्याची आवश्यकता नाही, हे या सरोवराने उशिरा का होईना, सिद्ध केले आहे.